लान्चिया स्ट्राटोसचं १:१८ मॉडेल: गाडी नाद खुळा, बिजागरी भंगार

मागचं झाकण निखळून हातात आलं म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर चार तारे टाकून गप्प बसलो असतो.

स्ट्राटोस म्हणजे इटलीच्या लान्चिया कंपनीची सत्तरच्या दशकातली रॅली शर्यतींची गाडी. तिचं मागचं अख्खं अंग मागे कलंडून उघडतं, खऱ्या गाडीतही तसंच. इथं झाकण जड धातूचं आणि ते पेलायला काडीएवढ्या दोन प्लॅस्टिकच्या बिजागऱ्या. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर म्हणे 'शोपीसला वॉरंटी नसते.' मग 'सगळं उघडतं' अशी जाहिरात कशाला करता, भावा?

बाकी काम मात्र चोख. व्हर्निअर लावून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मोजला, १२१ मिमी भरला. खऱ्या गाडीचा २१८०, म्हणजे हिशोब बरोबर. आपल्या मारुती ८०० चा २१७५! तेवढ्याशा जागेत दोन माणसं आणि त्यांच्या पाठीशी आडवं बसवलेलं फेरारीच्या डिनो गाडीचं २४१८ सीसी, सहा सिलिंडरचं व्ही-६ इंजिन. वजन मधोमध, त्यामुळं गाडी झटकन वळते. व्हीलबेस आखूड, त्यामुळं चुकलात तर तितक्याच झटकन गिरकीही घेते. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, हे ओतकामावर पोट भरणाऱ्या आपल्या कोल्हापूरला मुद्दाम सांगतो.

सुरुवात झाली १९७० च्या 'झिरो' या नमुना गाडीपासून. डिझायनर गांदिनीनं आखलेली ती गाडी इतकी बुटकी, की त्याच्या डिझाइन कंपनीचे मालक नुच्चो बेर्तोने ती घेऊन लान्चियाच्या फाटकाच्या आडव्या दांड्याखालून सरळ आत गेले म्हणतात. तिच्यात इंजिन लान्चियाचंच, त्यांच्या फुल्विया गाडीचं व्ही-४. रॅली संघाचे प्रमुख चेझारे फिओरियो यांना मात्र शर्यतीसाठीच घडवलेली गाडी हवी होती. फेरारीनं इंजिन द्यायला बरेच आढेवेढे घेतले, पण १९७४, ७५ आणि ७६ असं सलग तीन वर्षं निर्मात्यांचं जागतिक रॅली अजिंक्यपद लान्चियाकडेच राहिलं. रस्त्यावरच्या गाड्या निघाल्या त्या पाचशेच्या आसपास.

मॉडेलचं दार उघडा. आतल्या बाजूला खोलगट कप्पा दिसेल, तो हेल्मेट ठेवायचा. खऱ्या गाडीतली ही सोय इथंही तंतोतंत आहे. ती दिसली आणि दोन तारे द्यायचा बेत बारगळला.

शेवटी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडून पितळी बिजागऱ्या करून घेतल्या. आता झाकण हवं तिथं थांबतं. त्यांनी गाडीची किंमत विचारली, मी निम्मीच सांगितली. तरी ते काम थांबवून माझ्याकडं बघत राहिले.

गाडीला पाच तारे, बिजागरीला शून्य, विक्रेत्याला त्याहून कमी. घेणार असाल तर पितळी बिजागरीचा खर्च किमतीतच धरा.