वारशात आलेलं बीअरचं सामान: तेच वापरावं की नवा संच घ्यावा?

अमेरिकेत राहणाऱ्या कुणाच्या गराजमध्ये सासऱ्यांनी किंवा शेजारच्या आजोबांनी मागे ठेवलेलं घरगुती बीअरचं सामान येऊन पडतं. मोठं पातेलं, काचेचे कार्बॉय (अरुंद मानेचे मोठे बुधले), सोड्याचे जुने केग (स्टीलच्या टाक्या), बाटल्यांचे खोके. मग प्रश्न पडतो, की यातच सुरुवात करावी की शंभर-दोनशे डॉलरांचा नवा संच आणावा? माझं मत जुन्याच्या बाजूचं आहे, पण सरसकट नाही. स्टील आणि काच ठेवा, नळ्या आणि रबर बिनदिक्कत फेका, प्लास्टिक उजेडात धरून पाहा.

बीअर बहुतेकदा नासते ती उकळून गार झाल्यानंतर. पातेल्यात तासभर उकळी असते, तिथे जंतूंचा निभाव लागत नाही. वर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, निवलं की मात्र त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. त्यामुळे स्टीलचं पातेलं कितीही वर्षं पडून असलं तरी नव्याच्या तोडीचं. स्वस्त नव्या संचात तर एवढं मोठं पातेलं बऱ्याचदा नसतंच. बीअर आंबवायच्या प्लास्टिकच्या बादलीचं उलट आहे. जुन्या प्लास्टिकच्या आत घासणीचे चरे असतात आणि त्यांत बसलेले जंतू सॅनिटायझरलाही दाद देत नाहीत. इथे नवीच घ्या. जुनी बादली सॅनिटायझर कालवायला ठेवा: स्टार सॅन असेल तर पाच गॅलन पाण्याला एक औंस, आणि वस्तू एक-दोन मिनिटं ओली राहिली की पुरे.

कार्बॉयबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण वारशात हमखास तेच येतात. काचेला चरे पडत नाहीत, वास धरत नाही, हवा आत जात नाही. या तिन्ही बाबतींत ती बादलीपेक्षा सरस. पण पाच गॅलन बीअर भरलेला कार्बॉय पंचवीस किलोंच्या आसपास जातो आणि ओल्या हातातून निसटला तर हाताची शीर कापू शकतो. दुधाच्या क्रेटमध्ये ठेवूनच हलवा, मानेला धरून उचलू नका, गरम वर्ट त्यात कधीही ओतू नका. शिवाय माप बघा. पाच गॅलनच्या कार्बॉयमध्ये पाच गॅलन बीअर आंबवता येत नाही. फेस वर चढून झाकणातून बाहेर येतो. साडेसहा गॅलनचा असेल तर उत्तम, नसेल तर पाचच्यात चारच गॅलन करा. घरात लहान मुलं वावरत असतील तर मी काच बाजूला ठेवून बादलीच घेईन.

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी तरंगती नळी, जुना चालतो. त्यावर लिहिलेल्या तापमानाच्या पाण्यात सोडा, 1.000 दाखवायला हवं. थोडा फरक असेल तर तेवढा दर वेळी वजा-अधिक करा. सामानाबरोबर आलेलं यीस्ट, हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि माल्टचे डबे मात्र सरळ टाकून द्या.

पद्धतीतही निवड आहे. वारशात धान्य भिजवायचा मोठा सरंजाम आला, की तोच आधी वापरावा असा मोह होतो. त्यात दळलेला माल्ट 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचा, मग धुवायचा, मग उकळायचं. अख्खा दिवस जातो. माल्टच्या तयार अर्कापासून तेच काम तीन-चार तासांत होतं. सामग्री महाग पडते, पण चुकायच्या जागा कमी. पहिल्या दोन-तीन खेपा अर्काच्याच करा. एल या प्रकारच्या बीअरचं यीस्ट घ्या आणि खोली 18 ते 20 अंशांवर ठेवा. लागर या दुसऱ्या प्रकाराला त्याहून बरीच थंडी लागते, म्हणजे वेगळा फ्रिज आला.

बाटल्या की केग? जुन्या तपकिरी बाटल्या अक्षरशः फुकटचं धन आहेत. हिरव्या आणि पांढऱ्या बाटल्यांत उजेडाने बीअरला उग्र वास येतो, आणि फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांवर हातयंत्राने टोपण नीट बसत नाही. बाटलीत बीअरला फेस यावा म्हणून भरताना पाच गॅलनला सव्वाशे ग्रॅमच्या आत कॉर्न शुगर (मक्याची साखर) घाला. सलग तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा बदलला नाही, तरच भरा. आंबणं अर्धवट असताना भरलेल्या बाटल्या फुटतात. केगमध्ये दर खेपेचं काम वाचतं, पण सगळे रबरी वायसर बदलावे लागतात, आणि केगला लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या जुन्या सिलिंडरवर कोरलेली तपासणीची तारीख पाच वर्षांपलीकडची असेल तर तपासून घेतल्याशिवाय तो भरून मिळत नाही. एवढी सोय लागेपर्यंत सुरुवात बाटल्यांनीच करा.

कायद्याचं थोडक्यात: अमेरिकेत 1978च्या केंद्रीय कायद्याने घरी बीअर करायला करमाफी मिळाली. एकट्या प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोघे किंवा जास्त असतील तर घराला 200. विकायची मात्र नाही. राज्याचे नियम वेगळे पाहून घ्या. आणि हे सामान पुण्याला पाठवून तिथे बीअर करायचा बेत असेल तर तो सोडून द्या: महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बीअर करणं गुन्हा आहे.