१३० एमएम टेबलटॉप दुर्बीण: दीड वर्ष वापरून लिहिलेला रिव्ह्यू (उशिरा सुरुवात करणाऱ्यांनी नक्की वाचा)

दुर्बीण घेऊन दीड वर्ष झालं, आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर गुरूचे चार चंद्र एका ओळीत दिसले आणि मी ढसाढसा रडले एवढंच लिहिलं असतं, आणि ते खरंही आहे, पण पहिल्या रात्री कुठलीही दुर्बीण छानच वाटते.

आधी माझ्याबद्दल थोडं, त्याशिवाय हा रिव्ह्यू कळणार नाही. आठवीत शाळा सुटली, वडील अंथरुणाला खिळले आणि मी शिलाई मशीनवर बसले ती आजतागायत. आता वय ४७. शाळेत असताना ठरवलं होतं की मोठं होऊन ताऱ्यांवर काम करायचं, नुसतं बघायचं नाही, काम करायचं. सांगितलं की लोक हसायचे म्हणून सांगणं बंद केलं पण डोक्यातून कधी गेलं नाही.

तर दुर्बीण. १३० मिलिमीटरचा आरसा, ६५० मिलिमीटरची फोकल लेंथ (आरशापासून चित्र जिथे स्पष्ट होतं तिथपर्यंतचं अंतर), खाली लाकडी फिरता बेस, टेबलावर किंवा स्टुलावर ठेवायची. सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस (डोळा लावायची भिंगं) येतात म्हणजे चित्र २६ पट आणि ६५ पट मोठं. जाहिरातीत पाचशे पट वगैरे लिहितात त्याकडे अजिबात बघू नका, या आरशाला हवा कितीही चांगली असली तरी अडीचशेच्या पुढे नुसता धूसर गोळा दिसतो. आरशाचा व्यास बघा. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त ७ मिलिमीटर उघडते, त्या हिशोबाने हा आरसा साडेतीनशे पटीच्या आसपास जास्त प्रकाश गोळा करतो, सगळी मजा तिथे आहे.

आता खटकलेलं. फोकसर (चित्र स्पष्ट करायला फिरवायचा भाग) आट्यांचा आहे आणि आटे ढिले, फोकस करताना चित्र हलतं. प्लंबर लोक वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन वेढे गुंडाळली आणि काम झालं. नळी मधे उघडी आहे त्यामुळे बाजूचा दिवा आत घुसतो, त्याला मी काळ्या कापडाचा अंगरखा शिवला, खाली इलॅस्टिक वर नाडी, अर्ध्या तासाचं काम. आरसे जुळवायला लागतात, पहिल्यांदा मला तीन रात्री लागल्या आणि घाबरून परत करणार होते, आता पाच मिनिटांत होतं. बाहेर काढल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या. आणि सूर्याकडे कधीच वळवू नका, पुढे बसवायचा खास फिल्टर नसेल तर डोळा कायमचा जाईल.

खरं सांगायचंय ते पुढे आहे. काही तारे कमीजास्त तेजस्वी होत राहतात, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात, आणि १९११ पासून अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था हौशी लोकांकडून त्यांच्या नोंदी घेते. डिग्री विचारत नाहीत, खातं फुकट, नकाशे फुकट. नकाशावर शेजारच्या ताऱ्यांच्या प्रती (तेजाचे आकडे, आकडा लहान तितका तारा तेजस्वी) लिहिलेल्या असतात, ९२ म्हणजे ९.२, मधला टिंब मुद्दाम गाळतात कारण टिंबाला कुणी तारा समजू नये. एक तारा आपल्या ताऱ्यापेक्षा थोडा तेजस्वी आणि एक थोडा मंद असा निवडायचा आणि मधे आपला कुठे बसतो ते डोळ्याने ठरवायचं. हे वाचलं आणि हातातली सुई थांबली. तीस वर्षं मी हेच करतेय की. कापडाला दोरा जुळवताना दोन रिळं धरायची, एक किंचित गडद एक किंचित फिकी, आणि मधलं शोधायचं. दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं तेही मला जड गेलं नाही, कापड आम्ही उलट्या बाजूनेच बघतो.

माझा तारा मीरा, तिमिंगल तारकासमूहातला. साधारण ३३२ दिवसांचं चक्र, तेजस्वी असताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि मग महिनोनमहिने गायब, तेव्हा ही दुर्बीण लागते. तो लालसर आहे, त्याच्याकडे टक लावली की उगाच जास्त तेजस्वी वाटायला लागतो म्हणून झरझर नजर टाकायची. हे कुठे पटकन लिहिलेलं सापडत नाही म्हणून सांगतेय.

ज्यांना वाटतं आता काय उपयोग, शिक्षण नाही, त्यांनी क्लाइड टॉम्बॉ यांच्याबद्दल वाचा. शेतकऱ्याचा मुलगा, गारपिटीने पीक गेलं आणि कॉलेज राहिलं. घरीच आरसे घासले, १९१० च्या जुन्या गाडीचे आणि दुधातली साय काढायच्या यंत्राचे भाग लावून दुर्बीण केली, मंगळ आणि गुरूची चित्रं काढून लॉवेल वेधशाळेला पाठवली आणि त्यावर नोकरी मिळाली. १८ फेब्रुवारी १९३० ला त्यांनी प्लूटो शोधला, कॉलेज त्यानंतर केलं. आणि जॉन गुडरिक, लहानपणीच ऐकू येणं गेलेलं, १७८४ मध्ये त्याने वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा हा तारा बदलतो हे पकडलं, २१ व्या वर्षी वारला बिचारा. त्या जातीचे तारे पुढे दीर्घिकांची अंतरं मोजायला कामी आले.

पहिली नोंद पाठवली त्या दिवशी आलेखावर जगभरच्या शेकडो ठिपक्यांत माझा ठिपका आला, बाकीच्यांच्या अगदी जवळ, मधोमध. मी तो मोठा करून करून बघत बसले होते, मशीनवर ब्लाउज तसाच पडलेला.

रेटिंग पाचपैकी साडेचार, अर्धा फोकसरसाठी कापला. वहीत आत्तापर्यंत १४३ नोंदी झाल्यात. आज ढग आलेत म्हणून हे लिहायला बसले.