सेप्टिक टँक उपसणारी सक्शन गाडी: आमचा अनुभव, आणि बोलवायच्या आधी काय विचारायचं

आमच्याकडे ड्रेनेज लाइन नाही. कराडच्या बाहेर ग्रामपंचायत हद्दीत प्लॉट पडलेत तिथे घर आहे, त्यामुळे ज्याची त्याची टाकी आणि ज्याचा त्याचा शोषखड्डा. या उन्हाळ्यात टाकी उपसून घेतली, ती ज्या गाडीवाल्यांनी उपसली त्यांचा हा रिव्ह्यू. रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

टाकी सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाची, दोन कप्प्यांची, वर कोबा आणि त्यात दोन झाकणं. गवंड्याने तेव्हा सांगितलेलं म्हणे की एवढी मोठी बांधतोय की जन्मात उपसायला लागणार नाही. असं आमच्या भागात सगळ्यांनाच सांगतात आणि मग लोक झाकणावर बिनधास्त टाइल्स लावून पार्किंग करून टाकतात. खरं म्हणजे आय.एस. २४७० नावाचं जे सरकारी मानक आहे त्यात पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि साधारण एक मीटर पाण्याची खोली एवढीच टाकी धरलीये, पण ती वर्ष-दोन वर्षांनी उपसायची हे गृहीत धरून. म्हणजे टाकी कितीही मोठी बांधा, गाळ साठतच राहतो, फक्त उपसायची वेळ लांबते, आणि जितकी लांबते तितका तळाचा गाळ घट्ट होऊन बसतो आणि मग पाइपने ओढायला येत नाही. खरी अडचण इथूनच सुरू होते.

मी आधी दुसऱ्याच एका गाडीवाल्याला फोन केलेला. रेट कमी होता, लगेच यायला तयार होता, आणि वर म्हणाला, ताई काळजी करू नका, खालचा घट्ट गाळ आमचा पोरगा आत उतरून बादलीने काढतो, टाकी एकदम चकाचक करून देतो. हे तो स्वतःच्या सर्व्हिसची खासियत म्हणून सांगत होता!! मी तिथेच नको म्हणून सांगितलं. टाकीत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि या दुसऱ्या गॅसचं सगळ्यात वाईट म्हणजे थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकच काम करेनासं होतं, वासच येत नाही, माणसाला वाटतं हवा बरी आहे आणि दोन श्वासात तो खाली. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. पेपरात आपण दरवर्षी वाचतो ना, एकाच टाकीत तिघे, चौघे, ते असंच होतं. तोंडाला रुमाल बांधून काहीही उपयोग नाही, झाकण तासभर उघडं ठेवून हवा गेली असं समजणं पण चुकीचं, कारण गाळ ढवळला की अडकलेला गॅस परत वर येतो.

आणि हे फक्त गाडीवाल्याचं पाप नाही हे लोकांना माहीतच नाही. हाताने मैला काढण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, त्यात सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे आणि ती काम देणाऱ्यालाही लागू आहे, म्हणजे घरमालक, सोसायटी, सगळे आले. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गोवंडीत २०१९ च्या डिसेंबरमध्ये एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले, त्यांच्या बायकांना हायकोर्टात जावं लागलं तेव्हा २०२१ मध्ये प्रत्येकी १० लाख द्या असा आदेश झाला. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई ३० लाख केली. पैशाने माणूस परत येत नाही हे वेगळं सांगायला नको. आपल्या घरच्या घाणीसाठी कुणाचा तरी मुलगा आत उतरतोय हे आपण अंगणात उभं राहून बघायचं, मला तर कल्पनाही करवत नाही.

तर आता ज्यांनी काम केलं त्यांच्याबद्दल. फोनवर मी पहिलाच प्रश्न हा विचारला की तळाचा गाळ कसा काढणार. तो दादा म्हणाला आम्ही कुणाला उतरवत नाही, पाण्याने पातळ करून ओढतो, तरी थोडा राहिला तर राहू दे, राहिलाच पाहिजे. हे ऐकून मी बोलवलं. कारण हे बरोबरच आहे, थोडा जुना गाळ टाकीत राहिला की त्यातले जिवाणू नव्या मैल्यावर लगेच काम सुरू करतात. टाकी घासून धुऊन चकाचक करायची गरजच नसते, ती काय पिण्याच्या पाण्याची टाकी आहे का.

गाडी सकाळी आली, दोघेजण, दोघांच्या हातात कोपरापर्यंत ग्लोव्हज, पायात गमबूट. पाइप भरपूर लांब असल्यामुळे गाडी रस्त्यावरच उभी राहिली, कंपाउंडमध्ये आणायला लागली नाही (भरलेली जड गाडी टाकीच्या स्लॅबवर कधीच घेऊ देऊ नका, स्लॅब खचतो). आधी त्यांनी दोन्ही झाकणं पहारीने उचलून बाजूला केली आणि थोडा वेळ तसेच थांबले, जवळ कुणी विडी-सिगारेट काढायची नाही असं शेजारच्या काकांनाही सांगितलं. मग मला जे सगळ्यात आवडलं ते. एका लांब बांबूला खालपासून जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळला, सुतळीने बांधला, आणि तो हळूच तळापर्यंत सोडून थोडा वेळ धरून वर काढला. टॉवेलवर सरळ दिसत होतं, वरचा भाग नुसता ओला मळकट आणि खाली जवळजवळ निम्म्या उंचीपर्यंत काळाकुट्ट चिकटलेला. तेवढा गाळ. दादा म्हणाला निम्म्याच्या वर गेला की तो पुढच्या कप्प्यातून शोषखड्ड्यात जायला लागतो, आणि एकदा शोषखड्डा गाळाने बुजला की टाकी कितीही उपसा, पाणी जिरणार नाही, नवा खड्डाच खणावा लागतो. दुसऱ्या कप्प्यात पण बांबू घातला, तिथे कमी होता, म्हणजे आम्ही वेळेत होतो.

मग पंप. हा गाडीच्याच इंजिनवर चालतो, गाडीवरच्या टाकीतली हवा ओढून घेतो आणि त्या पोकळीमुळे मैला पाइपमधून वर चढतो. टाकीला मागे काचेची खिडकी असते त्यात किती भरलं ते दिसतं. वरचं पाणी पटकन गेलं पण खाली पाइप अडकायला लागला, तेव्हा त्यांनी पंप उलटा फिरवून ओढलेलं पाणीच जोरात परत टाकीत सोडलं, गाळ ढवळला, बांबूने सैल केला आणि पुन्हा ओढला. असं दोन-तीनदा केलं. आमचं स्वच्छ पाणी फार वापरलं नाही, उन्हाळ्यात हे महत्त्वाचं आहे. वास येतो, तो येणारच, पण अंगणात एक थेंब सांडला नाही, पाइप काढताना खाली टप ठेवला आणि शेवटी जोडाच्या जागी ब्लीचिंग पावडर टाकून गेले. जाताना त्यातल्या मुलाने व्हेंट पाइप बघितला, वरची जाळी फाटलेली, म्हणाला डासांचं घर झालंय, बदला. आरोग्य सेविका ताई पण हेच सांगून गेलेल्या. लगेच नायलॉनची जाळी बांधून घेतली.

आता माझा दुसरा प्रश्न, जो मला वाटतं शंभरातले नव्वद लोक विचारत नाहीत, हा मैला नेऊन टाकता कुठे? कारण बऱ्याच गाड्या रात्री ओढ्यात, नाहीतर रस्त्याकडेच्या पडीक शेतात रिकाम्या होतात. मग आपण पैसे कशाचे दिले, स्वतःच्या परसातली घाण गावाच्या विहिरीत पाठवायचे? शोषखड्डासुद्धा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर लांब हवा असं मानक सांगतं, इथे तर अख्खी गाडी. यांनी सांगितलं की जवळच्या नगरपालिकेच्या मैला प्रक्रिया केंद्रावर खाली करतो, तिथे एंट्री होते. आता बऱ्याच नगरपालिकांनी कचरा डेपोच्या आवारातच असं केंद्र केलंय, तिथे गाळ वाळवतात, पाणी वेगळं करून शुद्ध करतात. मी एंट्रीच्या पावतीचा फोटो मागितला. अर्धा स्टार इथे कापला. पावती आली पण संध्याकाळी चार वेळा फोन केल्यावर. जागेवरच देतो म्हणायला हवं होतं.

पैसे ट्रिपला २५०० घेतले. आधीच्या माणसापेक्षा जास्त, आणि मला ते योग्य वाटले. केंद्रापर्यंतचं डिझेल, दोन माणसांची मजुरी, ग्लोव्हज-बूट हे सगळं कुठून तरी यायला पाहिजे ना. स्वस्तातला रेट बहुतेक वेळा ओढा जवळ असल्यामुळे स्वस्त असतो.

खरं तर हे प्रत्येक घराने फोनाफोनी करून ठरवायचं कामच नाही. आमच्याच जिल्ह्यात वाईला आणि तिकडे नाशिककडे सिन्नरला २०१८ पासून नगरपालिकेने पाळीपाळीने, साधारण तीन वर्षांत सगळ्या गावाच्या टाक्या उपसायचं सुरू केलं, टाकी तुंबायची वाट न बघता, आणि खर्च घराच्या करातून. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या लोकांनी त्यात मदत केली. तीन-चार ग्रामपंचायतींनी मिळून एक गाडी घेतली तर आमच्याकडेही हे सहज होईल, मी ग्रामसभेत विषय मांडणार आहे.

पावडरीबद्दल पण लिहिते कारण पुष्कळ जण विचारतात. ती बॅक्टेरियाची पाकिटं, 'टाकी उपसायची गरजच नाही' वाली. लागणारे जिवाणू रोजच्या मैल्यातूनच येतात, विकत आणायला लागत नाहीत, आणि जे कुजतच नाही ते पावडरीने कुठे जाणार? त्यापेक्षा संडासात बाटलीच्या बाटली ॲसिड ओतणं थांबवा, पॅड, डायपर, वेट वाइप्स टाकू नका, आणि वॉशिंग मशीनचं पाणी टाकीत सोडू नका, जास्त पाणी आलं की गाळ बसायला वेळच मिळत नाही.

बोलवायचं तर फेब्रुवारी ते मे मध्ये बोलवा. पावसात जमिनीतच पाणी भरलेलं असतं, शोषखड्डे तुंबतात, सगळे एकदम फोन करतात, गाडी चिखलात येत नाही, आणि कुणाची प्लास्टिकची टाकी असेल तर रिकामी केल्यावर खालच्या पाण्याने उचलली जाऊ शकते. उपसल्यावर टाकी पाण्याने भरून घ्या आणि झाकण त्याच दिवशी सिमेंटने बसवून घ्या, लहान मुलं असतात घरात. यांनी झाकण ठेवलं पण सिमेंट लावणं आमचं काम म्हणाले, तेवढं आधी सांगितलं असतं तर गवंडी बोलवून ठेवला असता.