कागद, किंडल की कान? आधी सांगा, वाचताना तुम्हाला काय दिसतं

मावसभावाच्या मुलीला नोकरी लागली. अंबरनाथ ते दादर, रोज. पहिला पगार झाल्यावर तिचा फोन आला, "आत्या, मला परत वाचायला लागायचंय. किंडल घेऊ, ऑडिओची वर्गणी भरू, की सरळ पुस्तकंच आणू?" मी म्हटलं, "ते सांगते. आधी मला सांग, वाचताना तुला काय दिसतं?" तिला वाटलं आत्या विषय टाळतेय.

टाळत नव्हते. किंमत, वजन, बॅटरी यांची तुलना करणारे पुष्कळ आहेत. मी गेली काही वर्षं तिन्ही प्रकारांनी, म्हणजे कागदावर, किंडल या ई-पुस्तकाच्या यंत्रावर आणि कानाने ऐकून, वाचतेय, आणि माझं मत असं झालंय की ही निवड वस्तूवर कमी आणि आपल्या डोक्यावर जास्त ठरते. मजकूर आत गेला की त्याचं तिथे काय होतं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

माझं सांगते. माझं आजोळ चिपळूणजवळ. चिऱ्याच्या भिंती, पुढे ओटी, मग माजघर, उजव्या हाताला माळ्यावर जाणारा अरुंद जिना. आजवर मी वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीतलं घर हेच आहे. सोलापूरकडचं माळवद असू दे नाहीतर पुण्यातला पेशवाई वाडा, माझ्याकडे त्यावर कौलं चढतात. लेखकाने जिना डावीकडे लिहिला तरी पात्रं मुकाट्याने माझ्या उजवीकडच्या जिन्याने वर जातात.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "म्हणजे तुला खरंच घर दिसतं?" तो माझ्याहून जास्त वाचतो. पण त्याला एकाही पात्राचा चेहरा कधी दिसलेला नाही, घर नाही, रस्ता नाही. 'डोळ्यासमोर उभं राहिलं' ही नुसती बोलायची पद्धत आहे अशी त्याची चाळीस वर्षं समजूत होती. याला आता नाव आहे, अफँटेशिया. ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ते दिलं. गोष्ट मात्र जुनी. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८० मध्येच लोकांना 'आज सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवा आणि काय दिसतं ते सांगा' असं विचारलं होतं, तेव्हा काही नामांकित शास्त्रज्ञांनी कळवलं की असलं काही दिसत बिसत नाही. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनाही मनात चित्र दिसत नाही. तेव्हा ही कल्पनाशक्तीची कमतरता वगैरे नव्हे.

तर परीक्षा सोपी आहे. डोळे मिटा आणि सकाळच्या पोह्यांची बशी आठवा. खोबरं कुठल्या बाजूला होतं? लिंबाची फोड? दिसली तर तुम्ही माझ्या गटात. 'पोहे खाल्ले एवढं माहीत आहे' असं असेल तर नवऱ्याच्या. तिसराही एक गट आहे, त्याला दिसत फार नाही पण ऐकू येतं. प्रत्येक पात्राला आवाज असतो. भाचीचं तसं निघालं.

आता कानाचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

'ऐकणं म्हणजे काही वाचणं नव्हे' असं म्हणणारे मला हमखास भेटतात, आणि त्यांच्याच घरी पिढ्यान्‌पिढ्या पोथी ऐकली गेलेली असते. मराठीत कान काही नवा नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाला गावोगाव गर्दी खेचली. स्टोरीटेल हे ऑडिओ पुस्तकांचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं ते सुरुवातीपासून मराठी घेऊनच. समजण्याचं म्हणाल, तर २०१६ मध्ये अमेरिकेत बेथ रोगॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी ९१ जणांवर एक प्रयोग केला. काहींनी एका पुस्तकातला भाग ऐकला, काहींनी पडद्यावर वाचला, काहींनी दोन्ही एकदम केलं. लगेच विचारलं तेव्हाही आणि दोन आठवड्यांनी विचारलं तेव्हाही समजण्यात म्हणावा असा फरक नव्हता. पुस्तक कथेतर होतं, हे मात्र ध्यानात ठेवा.

चित्रांच्या बाबतीत तर कान कधी कधी डोळ्यांच्या पुढे जातो. ली ब्रुक्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९६७ चा प्रयोग मला फार आवडतो. चौकोनी जाळीत कुठल्या घरात कुठला आकडा आहे, अशी वर्णनं त्याने लोकांना दिली. मनात जाळी उभी करायची आणि आकडे बसवायचे. नुसतं ऐकणाऱ्यांना हे जमलं, आणि ज्यांना तेच वाचायलाही लागलं त्यांचा गोंधळ झाला. कारण वाचायलाही नजर लागते आणि मनातलं चित्र बघायलाही बहुधा तीच यंत्रणा लागते. एकाच पाटावर दोघांना बसवल्यासारखं. मला वाटतं, छान वर्णन वाचून झालं की आपण पान सोडून खिडकीबाहेर बघतो ते याचसाठी. बाहेर काही बघायचं नसतं, पाट रिकामा करायचा असतो.

तेव्हा किल्ल्याची चढाई, जंगलातली वाट, वाड्याचे चौक असलं ज्यात पुष्कळ आहे ते कानाने घ्या, डोळे मिटून. फक्त डोळे मिटून. मी भाजी निवडताना ऐकते आणि त्याचा एक तोटा असा की चित्राला आजूबाजूचा मसाला चिकटतो. एका रहस्यकथेतला खून माझ्या डोक्यात अजून मेथीच्या वासाचा आहे. ती जुडी जून होती हेसुद्धा आठवतं, खुन्याचं नाव आठवत नाही.

कानाचा खरा तोटा वेगळा. आवाज तुमचा राहत नाही. 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा मी आधी पुलंच्याच आवाजात कॅसेटवर ऐकला आणि मग वाचला. आता पुस्तक उघडलं की रत्नागिरीची ती मधली आळी पुलंच्याच गळ्यातून बोलते. सुख आहे ते, तक्रार नाही. पण ज्यांनी आधी वाचलं त्यांच्याजवळ त्यांचा स्वतःचा एक अंतूशेठ असतो, तो मला कधीच मिळणार नाही. आणि इथे वाचणारा खुद्द पुलं होता! एखाद्या कादंबरीला नाटकी, प्रत्येक वाक्याला हेलकावे देणारा आवाज लाभला की नायिका कायमची तशीच बोलत राहते. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी नमुना ऐका. पाच मिनिटांत आवाज पटला नाही तर पाच तासांत पटायचा नाही.

उलट, बोलीभाषेत लिहिलेलं असेल तर परका आवाज हाच आधार. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची, वऱ्हाडी बोलीतली. मी कोकणातली, दोनदा सुरू करून ठेवून दिली होती. मग एका वऱ्हाडी मैत्रिणीने पहिली चार पानं मोठ्याने वाचून दाखवली. शब्द कुठे ओढायचा, कुठे सोडायचा ते कळलं आणि पुढचं पुस्तक मी कागदावर, पण तिच्या आवाजात वाचलं.

नवऱ्याने ऑडिओ महिन्याभरात सोडलं. त्याचं कारण मला आधी सुचलंच नव्हतं. ज्याला चित्र दिसत नाही त्याला दीड पानाचं पावसाचं वर्णन म्हणजे शब्दांची रांग. कागदावर तो ती रांग अर्ध्या सेकंदात ओलांडतो आणि पुढच्या संवादाला जाऊन भिडतो. कानात मात्र पाऊस पूर्ण पडेपर्यंत उभं राहावं लागतं. सव्वापट वेग केला तरी पाऊसच, फक्त घाईतला.

कागदाचं थोडक्यात उरकते, कारण त्याची वकिली करायला माणसं कमी नाहीत. मला कागद लागतो तो जागेसाठी. 'ते पत्र डाव्या पानावर खाली होतं, पुस्तक अर्ध्यावर आलेलं होतं' अशी आठवण हातालाच राहते. नॉर्वेच्या ॲन मँगेन आणि सहकाऱ्यांनी ५० वाचकांना एकच २८ पानी रहस्यकथा दिली, निम्म्यांना कागदावर आणि निम्म्यांना किंडलवर. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण समज सारखीच होती, पण कुठली घटना आधी, कुठली नंतर, हे कागदवाल्यांना जास्त नीट सांगता आलं. यात माझा अनुभव मिसळते. तीन पिढ्यांची, वीस-पंचवीस पात्रांची एक कादंबरी मी किंडलवर घेतली आणि सदतीस टक्क्यांवर कोण कोणाची सून तेच कळेना. कागदावर मी बोट घालून मागे गेले असते. किंडलवर मागे जाणं म्हणजे काळोखात जिना उतरणं. पुढची पायरी आहे हे माहीत असतं, कितवी ते नाही.

कवितेला कागदच. ओळ कुठे तुटते आणि भोवती किती कोरं सोडलंय, हेही कवितेचंच असतं. अक्षर मोठं केलं की किंडल ओळी आपल्या मर्जीने मोडतं. आणि कवीने स्वतः म्हटलेली सोडली तर कानात त्या मोडणीचा पत्ताही लागत नाही.

कागदालाही एक खोड आहे, मुखपृष्ठ. काफ्का या लेखकाच्या 'मेटॅमॉर्फोसिस' या गोष्टीत माणसाचा किडा होतो. १९१५ मध्ये त्याने आपल्या प्रकाशकाला कळवलं होतं की त्या गोष्टीतला किडा कव्हरवर काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. इतकी धास्ती! पण बरोबर होती. चित्रकाराने एकदा चेहरा दिला की तो पुसता येत नाही, आणि सिनेमा निघाला तर संपलंच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या पिढीतल्या अनेकांना दूरदर्शनमुळे सुमीत राघवनच्या चेहऱ्याचा आहे, २०१७ नंतरच्या पोरांना अमेय वाघच्या. त्याचा तो 'ट्टॉक' मात्र ज्याने वाचला त्याने स्वतःच्या जिभेने काढून बघितलेला असतो. वर्गात निदान चार प्रकारचे ट्टॉक होते, आणि प्रत्येकाचाच खरा.

मग किंडल घ्यायचंच कशाला? दोन गोष्टींसाठी, आणि दोन्ही मोठ्या आहेत. एक, गर्दी. अंबरनाथहून सुटलेली गाडी कल्याणला भरते आणि डोंबिवलीनंतर तुमचा दुसरा हात तुमचा राहत नाही. सहाशे पानी पुस्तक एका हाताने धरून बघा. दुसरं, चाळिशीनंतरचे डोळे. देवनागरीत रफार, उकार, अनुस्वार सगळे टिंबाएवढे. जुन्या आवृत्तीत 'कुल' की 'कूल' हे मी अंदाजाने वाचते. अक्षर फुगवता येणं हे चित्राच्याही कामी येतं, कारण अक्षर ओळखण्यातच नजर खपली तर चित्राला उरत नाही.

किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात, पण मराठीत जे जे छापलं गेलं ते तिथे असेल असं समजून चालू नका. यादी आधी काढा, तुम्हाला हवी असलेली दहा पुस्तकं शोधा आणि मग यंत्र घ्या. मी उलट केलं. शिवाय विकत घेतलेल्या एका ई-पुस्तकात 'ऱ्या' आला की तिथे पोकळ चौकोन. 'साऱ्या', 'दुसऱ्या', 'किनाऱ्या', सगळीकडे खिडकी उघडी. कळवलं, उत्तर आलं नाही. पहिलं प्रकरण फुकट उतरवून बघण्याची सोय त्यासाठीच वापरा.

नवऱ्याला किंडल मानवलं, हेही सांगायला हवं. त्याला पानाची जागा कधी आठवतच नव्हती, मग गमावणार काय? शब्द शोधता येतो, खूण करता येते, वर्णन एका बोटात मागे पडतं. घरात जे एक किंडल आहे ते आता त्याचंच झालंय.

भाचीला मी शेवटी सांगितलं ते असं. तुला आवाज ऐकू येतात, तेव्हा जाताना बसायला मिळतं त्या वेळात कान वापर, पण आवाज पारखून. विनोदी, संवादाचं, बोलीतलं आधी ऐक. येतानाच्या गर्दीत काहीच वाचू नकोस, पाकीट सांभाळ. रविवारी घरी कागद. किंडल या वर्षी नको, तुझे डोळे अजून चांगले आहेत. आणि जे पुस्तक तुला फार जवळचं होईल असं वाटतं ते पहिल्यांदा कधीही ऐकू नकोस. आधी स्वतःच्या आवाजात वाच, मग दुसऱ्याच्या ऐक. उलटं करता येत नाही.

"आणि सिनेमा?"

"सगळ्यात शेवटी."

तिने तीन महिन्यांची वर्गणी भरली. कागदासाठी माझ्याकडची 'बनगरवाडी' घेऊन गेली, १९५५ ची कादंबरी, पण माझी प्रत बरीच नंतरची. पंधरा दिवसांनी मेसेज आला, "आत्या, तुझ्या डोक्यातल्या बनगरवाडीत पण कौलं आहेत का?" आहेत. माणदेशातल्या धनगरांच्या घरांवर, होय. पुस्तक अजून परत आलेलं नाही.