पणजोबांच्या नावाचा खोटा मोडी कागद

मोडी नोंदी शोधून देतो म्हणणाऱ्याने मला 22 हजारांना फसवलं. कोल्हापुरात आणखी कुणी त्याच वाटेने जाऊ नये म्हणून लिहितोय.

आमचे आप्पा 81 वर्षांचे. त्यांनी त्यांच्या आजोबांना पाहिलेलं नाही. घरात एवढंच ऐकून, की ते शाहू महाराजांच्या पागेत होते. आप्पांच्या हयातीत खरं काय ते कळावं, एवढीच माझी धडपड. कुणबी नोंदींची धावपळ सुरू झाल्यापासून मोडी वाचणारे गल्लोगल्ली भेटतात, त्यातलाच एक मला झेरॉक्सच्या दुकानात भेटला. बोलायला गोड. मीच त्याला पागेची गोष्ट सांगितली. ही माझी पहिली चूक.

दहा हजार आगाऊ घेतले. पंधरवड्याने फोन आला, "दादा, नोंद घावली! शिलेदार होते तुमचे पणजोबा." उरलेले बारा हजार दिल्यावर पिवळट कागद हातात आला. 1908 साल, खाली शिक्का. आप्पांनी तो डोक्याला लावला, फ्रेम करून देवघराशेजारी टांगला. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

पुढे मंगळवार पेठेतल्या एका निवृत्त गुरुजींना मोबाईलवर फोटो दाखवला. ते मोडी शिकवतात. त्यांनी फोटो मोठा केला आणि एका शब्दावर बोट ठेवलं : 'जिल्हा कोल्हापूर'. 1908 साली जिल्हा कुठला? तेव्हा करवीर संस्थान, त्याखाली पेटे, म्हणजे तालुक्यासारखे भाग. संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं, त्यानंतरचा हा जिल्हा. मग म्हणाले, "इकार बघा." मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत. या कागदावर दोन्ही इकार शाळेच्या पुस्तकासारखे वेगवेगळे. बाळबोध, म्हणजे देवनागरी, मजकूर समोर ठेवून अक्षरं गिरवली होती.

त्या नोंद शोधणाऱ्याचा फोन बंद. पोलिसांत अर्ज दिलाय, पैसे आलेले नाहीत.

कागद कुठल्या सरकारी दप्तरातला, त्यातल्या कुठल्या रुमालातला (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातला), हे मी विचारलंच नव्हतं. तुम्ही ते आधी विचारा. उत्तर मिळालं तर स्वतः जाऊन अर्ज करा, सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि वाचायला दुसऱ्याच माणसाकडे द्या. शोधणारा आणि वाचणारा एकच असेल तर पैसे देऊ नका. आणि घरातली ऐकीव गोष्ट आधी सांगू नका, तीच कागदावर उतरून परत येते.

नंतर मी तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाच्या जन्म-मृत्यू नोंदवहीसाठी अर्ज केला. दोन महिने हेलपाटे घातले, खर्च किरकोळ झाला. गुरुजींनी नक्कल वाचून दिली. पणजोबांची एक ओळ आहे : 1918, मयत, कारण ताप. त्या साली इन्फ्लुएंझाने गावंच्या गावं आजारी पडली होती. शिलेदार, पागा, कशाचाच उल्लेख नाही.

ती ओळ मी आप्पांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे माझा बाप तेव्हा चार वर्षांचा." फ्रेम अजून भिंतीवरच आहे. ती उतरवायचं मी त्यांना अजून म्हणालेलो नाही.