मुंबईचा स्टुडिओ की सांगलीचं बुटीक?

फॅशन डिझाइन शिकणाऱ्या भाचीला इंटर्नशिप कुठे करावी कळेना. खर्चात सांगलीच बरी, घरचं जेवण तरी आहे. मुंबईत मानधन मिळालंच तर खोलीभाड्यात जातं. स्टुडिओत सुरुवातीला कापडाचे नमुने आणा, कपड्यांची नोंद ठेवा, शूटआधी इस्त्री करा. पण आख्खं कलेक्शन कसं उभं राहतं ते दिसतं, ओळखीही होतात. बुटीकमध्ये मास्तरांशेजारी उभं राहून मापं, कटिंग, ट्रायल, वर 'ब्लाउज घट्ट झालाय' म्हणणारं गिऱ्हाईक सांभाळायचं. हे कॉलेजात कोण शिकवतंय! कापड समजून घ्यायला विट्याचे यंत्रमाग जिल्ह्यातच आहेत. स्टायलिंग किंवा मोठ्या ब्रँडची नोकरी हवी असेल तर मुंबई, मात्र मानधन आधी लेखी घ्यावं. स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर सांगली.