पॅरिसमध्ये सुटी तिकिटं की आठवड्याचा पास?

पॅरिसला चार-पाच दिवस जाणाऱ्याने आधी वार बघावा, पैसे नंतर. तिथल्या मेट्रो-बसचा आठवड्याचा नॅविगो पास सोमवार ते रविवार असाच चालतो, आणि चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच विकतात. शुक्रवारी उतरणार असाल तर प्रश्नच मिटला. दोन युरोचं नॅविगो ईझी कार्ड घ्या आणि त्यात तिकिटं भरा. कार्ड माणशी एक लागतं. एकावर दोघं जात नाहीत.

सोमवारी पोचून रविवारच्या आत निघणाऱ्यांचा हिशेब वेगळा. 2025 च्या दराने पास 31.60 युरो, वर फोटोच्या कार्डाचे 5. सुट्या तिकिटांत विमानतळाचीच एक फेरी 13 युरो, म्हणजे येऊन-जाऊन 26. पासात ती आलीच. मग 2.50 युरोवाल्या मेट्रोच्या पाच फेऱ्यांत पास वसूल. विमानतळाला टॅक्सी करणार असाल, तर सुटी तिकिटं स्वस्त पडतीलही. लूव्र ते नोत्र दाम तसंही पायीच बरं.

मला विचाराल, तर पैशांपेक्षा खटकतं ते वेगळंच. मेट्रोचं तिकीट बसला चालत नाही. मेट्रोतून मेट्रोत किंवा आरईआर या उपनगरी गाडीत दोन तासांत बदलता येतं. बाहेर येऊन बस धरली की नवं तिकीट. मग माणूस बस टाळतो आणि शातलेसारख्या स्टेशनात भुयारातून पाय तोडत गाड्या बदलत बसतो. पास असला की दोन थांब्यांसाठीही बिनदिक्कत चढावं. आयफेल टॉवरजवळच्या शां द मार्सहून 69 नंबरची बस लूव्र, बास्तीयवरून पेअर लाशेझ या कब्रस्तानाकडे जाते. खिडकी मिळाली तर निम्मं शहर बसल्या जागी बघून होतं. मॉन्मार्त्र टेकडीच्या 222 पायऱ्यांशेजारची फ्युनिक्युलर, म्हणजे चढावरची छोटी रेल्वेही, पासात येते. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पासाची कटकट एकच, फोटो. 25 बाय 30 मिलिमीटरचा लागतो, आपला पासपोर्ट साइझ मोठा पडतो; घरूनच कापून न्यावा. फोटो न चिकटवता, नाव न लिहिता फिरलात तर तपासनीस दंड करतो. हा पास ज्यात चालतो असा फोन असेल तर तो त्यातच घ्यावा, कार्ड-फोटो दोन्ही वाचतं. फक्त बसमध्ये चढताना दर वेळी मशीनला लावायचा, पास असला तरी.